सरूबाईची डावी बाजू

पंधरा दिवस लागून राहिलेला पाऊस उघडला आणि विजयसिंहांच्या सोयाबीनमध्ये खुरपणी लागली. तेवढ्या दिवसांत तणाने पिकाची उंची गाठली होती. बारा बायकांनी सकाळी पूर्वेच्या बांधावरून पात धरली आणि ऊन डोक्यावर येता येता पश्चिमेचा बांध गाठला. जेवायला बसण्याआधी गीताबाईने कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं. टोळी तिची होती. कामाचं गुत्तं, म्हणजे ठोक मजुरी, ती ठरवायची, बायका ती गोळा करायची आणि काम वाईट झालं तर बोलणीही तीच खायची.

उकरलेल्या काळ्या रानातून एक हिरवी पट्टी या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ गेली होती. केणा, दुधानी, कुंद्याचे कोंब, सगळं जिथल्या तिथं. रुंदीला एका ओळीएवढी.

"ही कुणाची वं पात?"

उत्तराची गरज नव्हती. प्रत्येकीच्या पातीत सोयाबीनच्या तीन ओळी, आणि बायकांचा क्रम हंगामभर बदलायचा नाही हा टोळीचा नेम. सातव्या पातीवर सरूबाई होती. तिच्या डाव्या हाताला, आठव्या पातीवर, तिची धाकटी जाऊ छबुबाई. तणाची पट्टी सरूबाईच्या पातीतली डावी ओळ होती, छबुबाईच्या लगतची.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जूनमध्ये दोघींच्या घरच्या शेतांची मोजणी झाली होती. हद्दीचा दगड दीड हात सरकून सरूबाईच्या रानात आला होता आणि तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता.

"माज्या तिन्ही ओळी बघून घ्या," छबुबाई म्हणाली. "नंतर बोल लागाया नको."

"म्या बी तिन्ही काढल्यात," सरूबाई म्हणाली. ती छबुबाईच्या पातीच्याही पलीकडे, बांधावर बसून खुरप्याची माती अंगठ्याने पुसत होती.

"मग हे काय हाय?" गीताबाईने हात लांब केला. "तुला दिसंना व्हय?"

सरूबाईने मान वर करून रानाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "साफ हाय की."

दोघी-तिघी हसल्या. छबुबाई हसली नाही. ती सरूबाईच्या उजव्या पातीवरच्या जानकीबाईकडे तोंड करून म्हणाली, "सांगा मोठ्या घरला, रान विजयसिंहाचं हाय. माज्यावरचा राग दुसऱ्याच्या रानात कशाला काढायचा?"

"सरू, ऊठ," गीताबाई म्हणाली. "भाकर मागून खा. आधी ती ओळ काढ. हितून धर आन् तिकडं जा."

सरूबाई उठली. साठीच्या घरातली बाई, पण कंबर अजून वाकली नव्हती. तिने पश्चिमेच्या बांधावरून, पूर्वेकडे तोंड करून पात धरली. आता राहिलेली ओळ तिच्या उजव्या हाताला आली होती. ती खाली बसली आणि थबकली. मग तिने खुरपं घातलं आणि भराभर तण उपटत निघाली. कुंद्याचे कोंब मुळापासून काढले, केण्याचे वेल झटकून मागे टाकले. अर्ध्या तासात पट्टी नाहीशी झाली. इतकं स्वच्छ काम त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

बायका भाकरी खाता खाता पाहत होत्या. ती परत आली तेव्हा गीताबाईचा घास हातातच होता.

"आता बरं दिसलं?"

"हुतं तण," सरूबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घामाबरोबर माती ओघळत होती. "लई हुतं. पण जाताना न्हवतं, गीताबाई. खरं सांगते."

यावर सगळीच टोळी हसली. "चार घंट्यांत उगवलं म्हणा की!" कुणीतरी म्हणालं. "खत चांगलंय विजयसिंहाचं!"

सरूबाई एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती. उजवीकडच्या बायकांच्या तोंडाकडे. तिने गाठोडं सोडलं, पण भाकरी मोडली नाही.

संध्याकाळी गीताबाईने तिला बाजूला घेतलं. "सरू, वीस वर्सं झाली तू माज्याबरं हायीस. तू काम चुकवलं असतंस, हात दुकतो म्हणली असतीस, तर म्या ऐकलं असतं. पण तोंडावर लबाडी? टोळी पैसं बराबरीनं वाटून घेती. उद्यापासून घरी ऱ्हा."

"म्या लबाड न्हाई," सरूबाई म्हणाली.

गीताबाई पुढे निघून गेली होती.

*

बातमी सरूबाईच्या आधी घरी पोचली. तिचा नवरा कारभारी ओट्यावर बसला होता. त्याने तिला पाय धुऊ दिले, आत येऊ दिलं, आणि मग बोलला.

"बांधाचा राग तणावर कशाला काढतीस?"

"म्या काढला न्हाई राग."

"मग ओळ सोडली कुणी? भुतानं?"

"जाताना तण न्हवतं."

"हेच म्हणलीस ना तितं? हेच?" त्याने कपाळाला हात लावला. "गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई."

सून अंजली चुलीपाशी होती. प्रवीण, तिचा नवरा, पुण्याला कंपनीत होता. सणाला यायचा. लग्नाच्या तीन वर्षांत सासू तिला वाकडा शब्द बोलली नव्हती. पण गेले तीन आठवडे काहीतरी बिनसलं होतं. सासूची भाकरी एका कुशीला जाड, एका कुशीला पातळ यायला लागली होती. अंगण झाडलं तर अर्धं. आणि जेवताना रोज काहीतरी खोट. आज वरण न्हाई का, आज चटणी न्हाई का. ताटात सगळं असताना. अंजलीने ते मनाला लावून घेतलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीही तेच झालं. सरूबाईने भाकरी मोडून खाल्ली, कांदा खाल्ला, आणि म्हणाली, "भाजी केली न्हाईस व्हय?"

दोडक्याची भाजी ताटात डाव्या बाजूला होती. वाफ निघत होती तिच्यातून.

अंजलीचा राग तोंडापर्यंत आला. बोलण्याऐवजी तिने वाकून ताट धरलं, गर्रकन अर्धं फिरवलं आणि आदळलं. "ही काय हाय मग?"

"आता वाढलीस," सरूबाई शांतपणे म्हणाली आणि भाजीला भाकरीचा तुकडा लावला.

अंजली तशीच वाकलेली राहिली. सासूच्या आवाजात टोमणा नव्हता. ती भुकेली होती आणि जेवत होती. ताट फिरवल्यामुळे कांद्याची दुसरी फोड आता डावीकडे गेली होती. भाजी संपवून सरूबाई म्हणाली, "एक कांदा दे गं."

जाताना नव्हतं. येताना होतं.

सकाळी अंजलीने सुपात तूर घेतली, खडे मिसळले आणि सासूपुढे ठेवली. सरूबाईने मन लावून निवडली. तिने सूप सरकवलं तेव्हा उजव्या अंगाची तूर चकचकीत होती आणि डाव्या अंगाला सगळे खडे होते. अंजलीने काही न बोलता सूप फिरवून परत दिलं. सरूबाईने ते खडे वेचले.

"आत्या, तुमचा हा दंड काळा-निळा कशानं झालाय?"

सरूबाईने डाव्या दंडाकडे पाहिलं नाही. अंजलीने तो हात उचलून तिच्यासमोर धरला, तेव्हा पाहिलं. "चौकट लागती. अलीकडं दार बारीक झालंय."

*

घाटनांदूरला मंगळवारी डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदू असेल या आशेने अंजली सासूला जीपने घेऊन गेली. कारभारी आला नाही.

तपासणारा तरुण तालुक्याहून आलेला होता. त्याने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. बॅटरी मारून आत पाहिलं. मोतीबिंदू नव्हता. तो उठणार होता, पण अंजलीने त्याला ताटाची आणि सुपाची गोष्ट सांगितली. तो परत बसला. सरूबाईच्या समोर दोन्ही हात पसरून त्याने तिच्या डावीकडचं बोट हलवलं.

"दिसतंय का, आजी?"

"दिसतंय की."

उजवीकडचं हलवलं. तेही दिसलं. मग दोन्ही बोटं एकदम हलवली.

"किती हलतात?"

"एक." तिने उजवीकडे बोट दाखवलं.

त्याने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच उत्तर आलं. तो अंजलीकडे वळला. "डोळे चांगले आहेत. एकटं बोट दाखवलं की डावीकडचंही दिसतं. दोन्हीकडे काही असलं की मेंदू डावीकडचं सोडून देतो. हे चष्म्याचं काम नाही. अंबाजोगाईला न्या, डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या. लवकर न्या."

घरी कारभारीने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. "डोक्याचा फोटो? गाव म्हणंल येडी झाली. आधी लबाड, आता येडी. बास झालं."

"मामा, येडं ठरवाया न्हाई ओ..."

"तुला काय मालूम?"

सरूबाई दारात बसून गवऱ्या मोजत होती. ती म्हणाली, "फोटोत खरं-खोटं येतंय का गं, अंजे?"

"म्हंजे?"

"म्या लबाडी केली न्हाई, हे येतंय का त्यात?"

"आलं तर येईल, आत्या."

"मग काढा. येडी म्हणू द्या. लबाड म्हणू नका."

कारभारीने उठून खुंटीवरचं धुतलेलं धोतर काढलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं.

*

अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सत्यशीला मॅडमनी सरूबाईचं मनगट पुरं एक मिनिट धरून ठेवलं. मग पुन्हा धरलं. रक्तदाब घेतला, छातीचा ईसीजी काढायला लावला, दोन्ही हात वर करून डोळे मिटायला सांगितले, पुढे-मागे चालवून पाहिलं. हातापायांत जोर होता.

"मावशी, तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला काही न्हाई. लोकांस्नी हाय."

मॅडम हसल्या, पण लिहिणं थांबवलं नाही.

स्कॅनच्या खोलीत गार होतं. कानातली फुलं आणि केसांतले आकडे अंजलीने काढून पदराच्या गाठीला बांधले. सरूबाईला अरुंद फळीवर झोपवलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशीचे तुकडे लावले आणि कपाळावरून पट्टा ओढला. समोर मोठं पांढरं कडं होतं, रहाटाच्या चाकाएवढं.

"हलायचं नाही, आजी. पाच मिनिटं. काही टोचणार नाही."

"श्वास घिऊ का?"

"घ्या की!"

फळी सरकली. काचेपलीकडून अंजलीला सासूची फक्त पावलं दिसत होती. भेगांमध्ये विजयसिंहांच्या रानातली काळी माती अजून होती. कडं घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. पावलं जराही हलली नाहीत.

दुपारी मॅडमनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. काळ्या कागदावर करड्या रंगाचे गोल, अक्रोड कापून ठेवावेत तसे, ओळीने. कारभारी टोपी हातात घेऊन उभा होता.

"हे बघा." मॅडमनी पेनाचं टोक ठेवलं. "बाकी सगळं करडं आहे. हा भाग काळा. इथलं रक्त बंद झालं आणि मेंदूचा तेवढा तुकडा मेला. याला लकवाच म्हणायचं. हातपाय गेले नाहीत म्हणून कुणाला कळलं नाही."

"हे तर डावीकडं हाय," कारभारी म्हणाला.

"फिल्म समोरून बघतो ना आपण. माणूस आपल्याकडे तोंड करून उभा राहिला की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. हा डाग त्यांच्या उजव्या मेंदूत आहे. आणि उजवा मेंदू डाव्या बाजूची राखण करतो. ती राखण गेली आहे. डावीकडचं त्यांना दिसतं, पण तिकडे जग आहे हेच ध्यानात येत नाही. आणि ध्यानात येत नाही, हेही त्यांना कळत नाही."

कारभारीच्या बोटांत टोपीची कड गोल गोल फिरत होती.

"तिकडून म्हणूनच..." अंजली म्हणाली. "रानात परत येताना ओळ उजवीकडं आली, म्हणून काढली."

"बरोबर."

सरूबाई पुढे झाली. "मला दावा."

ती पेटीसमोर उभी राहिली. मॅडमनी एका गोलावर पेन ठेवलं. सरूबाईने बारकाईने पाहिलं. गोलाचा उजवा अर्धा भाग करडा, नितळ होता.

"चांगलंच हाय की," ती म्हणाली. "कुठं काय हाय?"

"इथे, मावशी."

"कुठं?"

पेनाचं टोक डाव्या अर्ध्यात होतं, काळ्या डागावर. सरूबाईची नजर त्याच्या अलीकडेच थांबत होती, पुन्हा पुन्हा. ती अंजलीकडे वळली. "आलं न्हाई व्हय गं फोटोत? ह्यात बी काही न्हाई?"

अंजलीने तोंडाला पदर लावला.

सत्यशीला मॅडमनी फिल्म काढली, पालथी केली आणि पुन्हा लावली. काळा डाग उजवीकडे आला. लिंबाच्या आकाराचा, कडा फाटलेल्या.

सरूबाईने हात पुढे केला आणि काचेवर, डागावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हे माजं हाय?"

"तुमचं आहे."

"म्या केलेलं न्हाई."

"नाही, मावशी. तुम्ही काहीच केलेलं नाही."

तिने मान हलवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

मॅडमनी विचारलं तेव्हा अंजलीला दिवस आठवला. नागपंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळी. सासूच्या हातातून चहाचा कप सुटला होता. ती कपाळ धरून बसली होती, बोलणं जड झालं होतं. पित्त असेल म्हणून अंजलीने लिंबूपाणी दिलं होतं आणि झोपा म्हणाली होती. संध्याकाळी ती उठली तेव्हा बरी होती.

"त्या दिवशी चार-साडेचार तासांच्या आत इथे आला असता, फोटो काढला असता, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं," मॅडम म्हणाल्या. मग अंजलीकडे पाहून आवाज खाली आणला. "तुला माहीत नव्हतं. कुणाला नसतं. आता दुसरा झटका येऊ द्यायचा नाही, एवढं काम आहे. यांची नाडी एकसारखी चालत नाही. अशा नाडीत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वर डोक्यात जाऊन अडकतात. ही रक्त पातळ ठेवायची गोळी, ही दाबाची. एकही दिवस चुकवायची नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडकलं, की लिंबूपाणी नाही. गाडी."

"काम करू द्यायचं का?" कारभारीने विचारलं.

"करू द्या. हात कामात राहिला तर मेंदूही शिकतो. पण विहिरीवर नको, रस्त्यावर एकटं नको, आणि खुरपं जपून. रक्त पातळ असणार आहे. डावीकडून कुणीतरी सारखं बोलत राहिलं पाहिजे. हाक मारा, मान वळवायला लावा."

एसटीत कारभारी बायकोच्या डाव्या बाजूला बसला होता. परळीचा फाटा गेल्यावर तो उठला, त्याने अंजलीला सरकवलं आणि बायकोला दिसेल असा उजव्या बाजूला जाऊन बसला.

"दाराला लई लागतंय का गं?" त्याने विचारलं.

"न्हाई. थोडं," सरूबाई म्हणाली.

*

छबुबाईच्या दारात अंजली फिल्म घेऊन उभी राहिली तेव्हा छबुबाई शेळीला पाला टाकत होती. मोजणीपासून या घराची पायरी त्या घरातल्या कुणी चढलं नव्हतं.

"काय आणलंय?"

"आत्याच्या डोक्याचा फोटो, काकू."

"मला कशाला? फोटो दावून दगड सरकवायचाय?"

"दगडाचं मामा आन् काका बघतील. मला तुमाला येवढंच दावायचंय."

तिने फिल्म आभाळाकडे धरली. छबुबाईने पाला खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि पाहिलं. अंजलीने जसं कळलं तसं सांगितलं. डागाचं, नाडीचं, सुपाचं, ताटाचं. "आत्याच्या डाव्या हाताला कायम तुमीच हुता, काकू."

छबुबाई म्हणाली, "पंचमीला वारुळाला म्या तिच्या म्होरं लाह्या धरल्या हुत्या. सगळ्या बायका बघत हुत्या. म्हणलं, मोठी हाय, आपुन झुकावं. तिनं मान बी वळवली न्हाई. हात तसाच ऱ्हायला माजा. कितीक येळ."

"कोणत्या बाजूनं धरल्या हुत्या?"

छबुबाईने मनातल्या मनात वारुळापुढे जावेच्या डावीकडे उभं राहून पाहिलं असावं. तिचा उजवा हात जरासा उचलला गेला आणि खाली आला.

"आन् हाक मारली तर ऐकू येत न्हाई का तिला?"

"येतंय. पण कुटून आली ते कळत न्हाई. हळू मारली तर जातीच ती."

"हळूच मारली हुती," छबुबाई म्हणाली. "अबोल्यातल्या माणसाला मोठ्यानं कशी मारायची?"

शेळीने पाल्यासाठी मान ताणली. छबुबाईने तिला ढकललं आणि आत निघून गेली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

*

दहा दिवसांनी टोळी माळावरच्या कापसात होती. सरूबाई खुरपं घेऊन बांधावर येऊन उभी राहिली. मागे अंजली. बायकांनी पाती धरायला सुरुवात केली होती.

"सरू, कशाला आलीस?" गीताबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, अवघडलेपण होतं. फोटोची गोष्ट गावभर झाली होती. काहींनी मानली होती. काही म्हणत होत्या, शहरात कशाचाबी फोटो निघतो.

"कामाला आले."

"तुला काय झालंय ते कळलं मला. म्या बोलले ते माज्या जिवाला लागलंय. पण रानात पडलीस तर? आन् ओळी ऱ्हायल्या तर बाकीच्यांनी किती दिस तुजं काढायचं? ह्या पोटाला येतात, सरू."

सरूबाईने खुरपं या हातातून त्या हातात घेतलं. जानकीबाई मान खाली घालून पायाने ढेकूळ फोडत राहिली.

"तिची डावी बाजू माजी," छबुबाई म्हणाली.

ती आठव्या जागेवर बसलेलीच होती. उठली नाही. "तण ऱ्हायलं तर मला बोला, गीताबाई. म्या काढीन. न्हाई निभलं तर दोघींस्नी काढून टाका."

"बांध सुटला व्हय गं, छबे?" पलीकडून कुणीतरी चिडवलं.

"बांध बांधाच्या जागी हाय. तहसिलात तारीख पडलीया, तितं बघू." ती गीताबाईकडे पाहत होती. "हितं कामाचं बोला."

गीताबाईने सातव्या जागेकडे हात केला. अंजलीने सासूला तिथवर नेऊन बसवलं आणि बांधावर परत गेली.

कापसात एकीला दोनच ओळींची पात होती. सरूबाईने उजवी ओळ धरली आणि निघाली. हात पूर्वीसारखाच चालत होता. माती उलटत होती, मुळं वर येत होती. हातभर गेली, दोन हात गेली. डावी ओळ तशीच मागे राहायला लागली.

"आक्का," छबुबाई म्हणाली.

तीन महिन्यांत तिच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. तो बारीकच निघाला. सरूबाई पुढे सरकली.

"आक्का! इकडं!"

सरूबाईचा हात थांबला. तिने मान वर केली आणि उजवीकडे वळवली. तिथे जानकीबाई होती. "काय गं जानके?"

"म्या न्हाई बोलले."

सरूबाई उजवीकडेच शोधत राहिली, आणखी उजवीकडे, पार टोळीच्या शेवटच्या बाईपर्यंत. पुढच्या पातीवर कुणीतरी फिसकन हसलं. गीताबाईने तिकडे पाहिलं आणि हसू बंद झालं.

छबुबाईने खुरपं मातीत रोवलं. गुडघ्यावर सरकत ती जवळ आली. मातीने भरलेला हात तिने जावेच्या हनुवटीला लावला आणि मान वळवली, हळूहळू, लहान लेकराची वळवावी तशी. सरूबाईची नजर उजव्या ओळीवरून निघाली, मधल्या मातीवरून सरकली, अडली. छबुबाईने आणखी थोडी वळवली. मग नजर तिच्या चेहऱ्यावर आली आणि थांबली.

"छबू?" सरूबाई म्हणाली. "तू कवा आलीस गं?"

"सकाळधरनं हितंच हाय, आक्का."

सरूबाईने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग नजर खाली गेली. दोघींच्या मधोमध कापसाची एक ओळ होती आणि तिच्या बुडाशी केणा वेटोळे घालून बसला होता.

"केवढं माजलंय," ती म्हणाली. "कुणाची वं ही पात?"

छबुबाईने खुरपं उपसलं.

"आपली हाय. काढ."